मकासरच्या डांगेबाई

डांगेबाईंचं आडनाव डांगे नव्हतं. त्यांना आडनावच नव्हतं. त्यांच्या मुलखात ते नसतं, आणि त्यावाचून तिथल्या लोकांचं काही अडतही नाही. त्याऐवजी प्रत्येकाला मानाचं एक दुसरं नाव असतं. 'दाएंग' म्हणायचं आणि पुढं ते नाव घ्यायचं. मोठ्या माणसाला नुसत्या पाळण्यातल्या नावानं हाक मारणं म्हणजे तिथं सरळ अपमान. बाईंचं मानाचं नाव होतं दाएंग तेने. 'ते' आणि 'ने' यांच्यामध्ये घशात घास अडकल्यासारखं किंचित थांबायचं. अर्थ 'गोड'.

नवऱ्यानं, युनूसभाईंनी, त्यांना जेद्दाहून लातूरला आणलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बायकांना त्यातलं 'डांगे' तेवढं ऐकू आलं. "आमच्या औशाला हायेत की डांगे," एक जण म्हणाली, आणि विषय संपला. पुढं रेशनकार्डावरही तेच चढलं. सरकार आणि गल्ली यांचं एकमत झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव घटना.

मी त्या गल्लीत राहायला गेलो तो भूकंपाच्या दोनतीन वर्षं आधी. एका खासगी क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायचो. लातूरच्या पोरांना गुण मिळतात ही बातमी तेव्हा नुकतीच मराठवाडाभर पसरली होती, आणि गंजगोलाईपासून स्टेशनापर्यंत ज्याच्या घरात एक खोली जास्त होती तो क्लास काढत होता. ज्याच्याकडं तीही नव्हती तो मेस काढत होता. डांगेबाईंची मेस अशीच निघाली. मी माझ्या घरमालकांच्या, कापडाचे व्यापारी शिवलिंगप्पांच्या, माडीवर राहायचो आणि समोर डांगेबाईंकडं जेवायचो.

त्या बुटक्या, गोऱ्या, रुंद चेहऱ्याच्या होत्या. कुणी त्यांना नेपाळी समजायचं, कुणी चिनी. शिवलिंगप्पा मात्र त्यांना बरीच वर्षं कर्नाटकातल्या समजत होते, आणि त्याला कारण होतं. मकासरी भाषेत शब्दाच्या शेवटी 'र' किंवा 'स' नुसता सोडत नाहीत. आधीचा स्वर परत घेऊन त्याला टेकू देतात. त्यामुळं डांगेबाई लातूरला 'लातुरू' म्हणायच्या, बसला 'बसा', क्लासला 'क्लासा' आणि मला 'सरा'. शिवलिंगप्पांची सासुरवाडी बीदरकडची. 'लातुरू' ऐकून त्यांना सासुरवाडीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"तुमी भालकीच्या का हुमनाबादच्या?" त्यांनी एकदा विचारलं.

"मकासरच्या," बाई म्हणाल्या.

"ते भालकीच्या पल्याड असंल," शिवलिंगप्पा म्हणाले. तसं पाहिलं तर चूक नव्हतं.

मकासर म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाचं बंदर. तिथून बाई मावशीबरोबर हजला आल्या आणि नंतर जेद्दातच एका खानावळीत कामाला राहिल्या. युनूसभाई तिथं ट्रक चालवायचे. ते रोज जेवायला यायचे आणि काही बोलायचे नाहीत. "लई दिवस मला वाटलं, मुका हाय," बाई सांगायच्या. "मग एक दिवस म्हनला, मीठ कमी हाय. मी म्हनलं, चला, बोलतो तरी." एवढ्या प्रेमसंभाषणावर त्यांचं लग्न झालं.

मराठी त्या गल्लीतल्या बायकांकडून शिकल्या, म्हणजे भांडणातून. त्यामुळं ती अस्सल होती. पण एक गोष्ट त्यांना शिकावीच लागली नाही. त्यांच्या भाषेत मोठ्या माणसाला 'बस' म्हणताना आदरार्थी शेवटी 'की' लावतात. लातुरात पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना म्हणालं, "बसा की!" बाई चमकल्या. पाठोपाठ दुसरी म्हणाली, "च्या घ्या की!" बाईंना वाटलं, किती खानदानी लोक आहेत हे, परक्या बाईला केवढ्या मानानं बोलतात! हा गैरसमज त्यांनी जन्मभर जपला, आणि कुणी तो दूर केला नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. बसलेल्या माणसांसमोरून जाताना त्या कमरेत वाकायच्या, उजवा हात खाली सोडून वाट कापल्यासारखा पुढं धरायच्या आणि हळूच म्हणायच्या, "ताबे." म्हणजे, माफी असावी, तुमच्यासमोरून जाते आहे. आमच्या गल्लीत ओट्यावर दिवसभर माणसं बसलेली. साहजिकच बाई अर्धा दिवस वाकलेल्या. गल्लीनं यावर गंभीरपणे विचार केला आणि बाईंना कंबरदुखी आहे असं ठरवलं. बायकांनी तेल सुचवलं. उदगीरच्या एका हाडवैद्याचा पत्ता मिळाला. बाईंनी तेल घेतलं, आणि ते देणाऱ्या बाईसमोरूनही वाकूनच गेल्या.

मेसमध्ये वरण, भात, पोळी, भाजी हेच असायचं. रविवारी मात्र त्या अर्धकच्ची केळी निखाऱ्यावर भाजायच्या, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटी करायच्या आणि वर गुळाचा पाक ओतायच्या. त्यांच्या गावी समुद्रकाठी संध्याकाळी हे विकतात म्हणे. केळी अर्धापूरकडून यायची. शिवलिंगप्पा मेसच्या पोळीला शिवत नसत, पण केळ्याला जात नसते असा शोध त्यांनी लावला आणि रविवारी न चुकता येऊ लागले.

एक विषय मात्र बाई काढत नसत. माहेर. इतक्या वर्षांत त्या गेल्या नव्हत्या, आणि तिकडून कुणी आलं नव्हतं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी सिलारियांग केलं, सरा."

सिलारियांग म्हणजे घरच्यांना न विचारता पळून जाऊन लग्न. मकासरी माणसाची सगळी मदार 'सिरी'वर. सिरी म्हणजे इज्जत, आणि ती गेल्याची लाजसुद्धा. शब्द एकच. शिवलिंगप्पा शेजारी होते. ते म्हणाले, "आमच्या कन्नडात सिरी म्हंजे लक्ष्मी."

"तुमची येते-जाते," बाई म्हणाल्या. "आमची गेली तर मानूस मारावं लागतं."

पोरगी पळून गेली की तिच्या भावांची सिरी जाते. तिचा नवरा दिसेल तिथं त्याला मारायचा त्यांना हक्क असतो. हक्क कसला, कामच ते. थोरला भाऊ, दाएंग न्गाले, याची तशी शपथ होती. आम्ही युनूसभाईंकडं पाहिलं. ते शांतपणे लसूण सोलत होते.

"मग भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"लांब हाय," युनूसभाई म्हणाले. त्या महिन्यातलं ते त्यांचं एकूण बोलणं असावं.

मग भूकंप झाला.

लातूर शहर हललं, तडकलं, पण उभं राहिलं. किल्लारीकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. युनूसभाईंची आत्या तिकडच्याच एका गावात दिली होती. ती गेली, तिच्या सुनेची लेकरं गेली, सून तेवढी राहिली. डांगेबाई दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसून तिकडं पोचल्या. आमच्या क्लासचं पथक बिस्किटं घेऊन आठवड्यानं गेलं, कारण कापडी फलकावर क्लासचं नाव रंगवून यायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बाई त्या सुनेशेजारी जमिनीवर बसलेल्या होत्या. बोलत नव्हत्या, थोपटत नव्हत्या. नुसत्या तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या. फोटोवाले आले की सून पदर ओढून घ्यायची आणि बाई तिच्यापुढं सरकून बसायच्या. त्यामुळं बऱ्याच फोटोंत एक चिनी दिसणारी भूकंपग्रस्त बाई आली असणार.

"काय बोललात तिच्याशी?" मी नंतर विचारलं.

"काय बोलनार? आमच्यात पाच्चे म्हंत्यात. तिच्या पोटात आग पडली, तर माझ्या पोटात पडाया पायजे. पडली तर बसायचं. न्हाई पडली तर घरी जायाचं, तिथं गर्दी करायची न्हाई."

आम्ही बिस्किटं वाटली, फलकासह फोटो काढला आणि घरी आलो.

नंतर बरेच दिवस लातूर अंगणात झोपलं. बाईंनी अंगणात बांबूच्या खांबांवर माणसाच्या कमरेएवढी उंच माची बांधून घेतली आणि वर पत्रा टाकला. त्यांच्याकडं घरं अशीच, लाकडी पायांवर उभी असतात. आधी गल्ली हसली. मग ऑक्टोबरचं ऊन वाढलं तशी गल्लीतल्या बायका दुपारच्या तांदूळ निवडायला त्याच माचीवर जमू लागल्या.

थंडी सुरू झाली होती. दुपारी क्लासवरून येताना मला गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. गर्दीच्या मध्ये एक बुटका, रुंद चेहऱ्याचा, काळी टोपी घातलेला माणूस खांद्याला पिशवी अडकवून उभा होता. त्या दिवसांत लातुरात परदेशी तज्ज्ञ बरेच येत. जपानी लोकांना भूकंपातलं कळतं हे सर्वांना ठाऊक होतं. बसस्टँडवर हा गृहस्थ 'लातुरू, लातुरू' म्हणाला, पुढं हातानं जमीन हलवून दाखवली, आणि लोकांनी त्याला ओळखलं. कुणीतरी चेहऱ्यावरून त्याला आमच्या गल्लीचा रस्ता दाखवला. पण आपापल्या भिंती दाखवल्याशिवाय त्याला पुढं कोण जाऊ देणार?

"साहेब, ही चीर बघा." "साहेब, आमचा कोना बघा की." साहेबांनी एका भिंतीवर बोटानं टकटक केली. "कोदी," ते म्हणाले. लोक गंभीर झाले. दुसऱ्या भिंतीवर टकटक केली. "बाजी." कुणाला काही कळलं नाही, पण कोदी वाईट आणि बाजी बरं हे आवाजावरून सगळ्यांनी ओळखलं, आणि ते बरोबरही होतं. आमच्या क्लासचे संचालक स्कूटरवरून आले आणि नवीन इमारतीसाठी त्यांची वेळ मागू लागले.

डांगेबाई आवाज ऐकून दारात आल्या. हातात लाटणं होतं. माणसाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. पुढच्या क्षणी त्या आत गेल्या, युनूसभाईंचं मनगट धरलं आणि त्या धिप्पाड माणसाला ओढत गल्ली ओलांडून शिवलिंगप्पांच्या घरात घुसल्या. ओट्यावरच्या माणसांसमोरून त्या पहिल्यांदाच न वाकता गेल्या.

त्यांच्यात असा नियम आहे की पळून गेलेला माणूस गावच्या इमामाच्या किंवा एखाद्या प्रतिष्ठिताच्या घरात शिरला की त्याला हात लावायचा नाही. मग त्या घरमालकानं मध्यस्थी करायची. आपण इमाम झालो आहोत हे शिवलिंगप्पांना ठाऊक नव्हतं. ते गळ्यातला लिंगाचा करंडा हातात धरून दुपारची पूजा करत होते. डोळे उघडले तर समोर स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांमध्ये, युनूसभाई मांडी घालून बसलेले.

"काय झालं?" ते म्हणाले.

"माझा भाऊ आलाय," डांगेबाई म्हणाल्या. "ह्यास्नी मारायला."

"तो जपानी?"

"त्योच."

शिवलिंगप्पा आयुष्यात कधी कुणाच्या अंगावर ओरडले नव्हते. ते उठले, अंगरखा चढवला आणि म्हणाले, "माझ्या घरात मारामारी? न्हाई जमायचं. आधी त्याला बसवा. च्या करा."

दाएंग न्गाले माचीवर बसला, पण चहाला शिवला नाही. जेवणालाही नाही. सिरी परत येईपर्यंत बहिणीच्या घरचं पाणी चालत नाही. बाईंनी त्याच्यापुढं भात वाढला, मासे नव्हते म्हणून कोंबडी केली होती, ती ठेवली आणि दूर जाऊन उभ्या राहिल्या. तो ताटाकडं बघत राहिला. कंबरेला कापडात गुंडाळलेली बादी, म्हणजे त्यांची छोटी कट्यार, दिसत होती. संध्याकाळपर्यंत गल्ली त्या ताटाकडं बघत बसली. भिंतींची कुणाला आठवण राहिली नाही.

मग बोलणी सुरू झाली. बाई दुभाष्या. स्वतःच्याच नवऱ्याच्या जिवाची बोलणी त्या स्वतःच दोन्हीकडून करत होत्या.

"त्यांना म्हनावं, पाव्हणं, मनात काय हाय ते सांगा," शिवलिंगप्पा म्हणाले.

भाऊ बराच वेळ बोलला. बाईंनी दोन शब्दांत सांगितलं, "आबाजी करायचं."

"आबाजी कोण?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"बाजी म्हंजे बरं, चांगलं. आबाजी म्हंजे तुटलेलं चांगलं करायचं. ह्यांनी कापड घेऊन यायचं, वाकून यायचं, मधे मोठा मानूस पायजे. तुमी हाय."

कापड म्हटल्यावर शिवलिंगप्पांच्या चेहऱ्यावर एकदम रक्त आलं. हा प्रांत त्यांचा होता. त्यांनी दुकान उघडायला लावलं आणि ठेवणीतलं इरकल काढलं. बायकांनी पानसुपारीचं तबक लावलं. युनूसभाई बरण्यांमधून उठले, तबक घेतलं आणि शिवलिंगप्पांच्या मागून गल्ली ओलांडू लागले. कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून. "ताबे," ते म्हणाले. दोन पावलं टाकून पुन्हा, "ताबे." ओट्यावर आता कुणी कंबरदुखीचा विषय काढला नाही.

दाएंग न्गालेनं कमरेची बादी सोडली. त्यानं ती आपल्या पाठीमागं, माचीच्या कडेला ठेवली आणि दोन्ही हातांनी तबक घेतलं. मग ताट पुढं ओढलं. भात गार झाला होता. त्यानं पहिला घास घेतला आणि रडायला लागला. इतका मोठ्यानं की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली.

नंतर कळलं ते असं. जेद्दाहून परतलेल्या कुणाकडून घरी एवढंच माहीत झालं होतं की पोरगी हिंदुस्थानात लातूर नावाच्या गावी आहे. मग रेडिओवर भूकंपाच्या बातमीत तेच नाव आलं. म्हातारी आई जेवेना. शेवटी तिनं मुलाला बोलावून सांगितलं, "जा. जिवंत असली तर माफ कर. नसली तर तिथली माती घेऊन ये."

"मेले असते तर काम सोपं होतं," डांगेबाई पुढं हसत सांगायच्या. "माती उचलायची न् निघायचं. जिवंत निघाले, मग बसला पंचाईत करत."

भाऊ पंधरवडाभर राहिला. शिवलिंगप्पांच्या आग्रहावरून त्यानं त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर कोळशानं आपल्या जुन्या लिपीत चार अक्षरं लिहिली. पक्षी बसल्यासारखी अक्षरं. मूळ मात्र आपल्याकडचंच, त्यांची मुळाक्षरंही क, ग, ङ अशीच सुरू होतात. त्या लिपीत शब्दाच्या शेवटचा आवाज लिहीतच नाहीत. वाचणाऱ्यानं तो समजून घ्यायचा. त्यामुळं एकच शब्द तीनचार तऱ्हांनी वाचता येतो. आमचे संचालक हे ऐकून हादरले. "म्हणजे चारही पर्याय बरोबर?" ते म्हणाले. "मग पेपर तपासणार कसा?" पुढच्या वर्षीच्या त्यांच्या जाहिरातीत 'भोजनव्यवस्था परदेशी देखरेखीखाली' अशी ओळ आली. बाईंनी ती वाचून घेतली आणि त्या दिवसापासून क्लासचे डबे बंद केले.

क्लासची ती नवीन इमारत उठली, दुसऱ्या चार उठल्या. दर जूनमध्ये चौकात गुणवंतांचे फोटो लागायचे. ज्यांचे लागायचे नाहीत ती पोरं रात्रीच्या गाडीनं गाव सोडायची. देवणीची सुनीता नावाची एक मुलगी मात्र गेलीच नाही. मेडिकल हुकलं होतं. ती मेसच्या मागच्या खोलीत पडून राहिली. वडलांना तोंड दाखवणार नाही म्हणाली. डांगेबाई तिच्याशेजारी दिवसभर बसल्या. मग म्हणाल्या, "ऊठ. माझा भाऊ मला मारायला समुद्र वलांडून आला न् जेवून गेला. तुझा बाप देवणीला हाय. बसानं तासदोनतासाचा रस्ता. चल, मधे मी हाय."

आणि खरंच तबक घेऊन त्या देवणीला गेल्या. वाड्याच्या दारातून वाकत, "ताबे, ताबे" करत आत शिरल्या. मागं सुनीता. बाप अंगणात बैल धूत होता. त्यानं मान वर केली, तबक पाहिलं, वाकलेली अनोळखी बाई पाहिली, आणि लेकीला म्हणाला, "आलीस व्हय? धर, पानी वत. सकाळपासून एकटाच करायलोय." बाईंनी मध्यस्थीचं भाषण बसमध्ये पाठ केलं होतं. ते वाया गेलं याची हळहळ त्यांना बरेच दिवस होती. सुनीताचं आता उदगीरला औषधांचं दुकान आहे.

आई असेपर्यंत बाई एकदा माहेरी जाऊन आल्या. गेल्या तेव्हा खूश होत्या, आल्या तेव्हा विचारात. "तिकडं मी बोलले की पोरं हसत्यात, सरा. मधेच होय म्हनायला 'हाव' म्हनते मी. मला दाएंग इंडिया म्हन्ले. आन गावाचं नाव बघा. मी सोडलं तेव्हा सरकारी नाव उजुंग पांडांग होतं, आता परत मकासर केलं. आमी घरात कायम मकासरच म्हनायचो. सरकारला उशिरा कळलं."

युनूसभाई गेले. जाताना काही बोलले नाहीत. मग त्यांच्या मुलानं नांदेडला केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज घातलं, आणि बाई नांदेडला गेल्या. मेस बंद झाली. लातुरात आता इतक्या मेस आहेत की एक कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो, तेव्हा त्यांना भेटलो. बाई खूप थकल्या होत्या. दारात उन्हाला बाज टाकून बसल्या होत्या. सून म्हणाली, "अम्मी आता दिवसभर त्यांच्याच बोलीत बोलतात. आम्हाला काय समजत नाही. आम्ही हाव म्हणतो." नात आतल्या खोलीत क्लासच्या व्हिडिओवर भौतिकशास्त्र ऐकत होती.

मी बाजेच्या टोकाला बसलो. बाईंनी मला पाहिलं आणि सुरुवात केली. मकासरीत. सलग, न थांबता. कधी हात उंच करून, कधी आवाज खाली नेऊन. मध्ये कुणाची तरी नक्कल केली, स्वतःच हसल्या. मग डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि पुढं चालू. घशात अडकणारे ते आवाज, शेवटाला टेकू दिलेले ते शब्द. मोठी गोष्ट असावी. त्यात माणसं होती, एक प्रवास होता, कदाचित समुद्र होता. मी योग्य ठिकाणी मान हलवत होतो, हसायचं तिथं हसत होतो. ऊन बाजेवरून खाली उतरेपर्यंत त्या बोलत होत्या.

मग थांबल्या. माझ्याकडं नीट बघितलं.

"समजलं का, सरा?"

"हाव," मी म्हणालो.

"कायबी न्हाई समजलं," डांगेबाई म्हणाल्या. "पन मान लई चांगली हलवता. तुमच्या क्लासाची पोरं आशीच हलवायची."

आणि त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.